मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे काम : उज्जैनमधील व्यवसाय आणि पाठीची निगा

उज्जैन हे महाकालाचे आणि सिंहस्थाचे नगर म्हणून गोमंतकीय वाचकांस परिचित आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, आणि त्या काळापासून मराठी माणसाचे या नगराशी नाते जडले. यात्रेकरूच्या नजरेस सहसा न पडणारे उज्जैन मात्र अंगमेहनतीवर चालते. चिमनगंज मंडीत सोयाबीन आणि गव्हाची पोती उचलणारे हम्माल, भैरवगढ येथे बाटिकच्या कापडावर दिवसभर वाकून काम करणारे कारागीर, क्षिप्रेच्या घाटांवर मांडी घालून तासन्‌तास विधी चालविणारे पुरोहित, खड्ड्यांतून ई-रिक्षा हाकणारे चालक आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या बांधकामांवरील मजूर या सर्वांच्या उपजीविकेचा भार अखेर कमरेच्या पाच मणक्यांवर येतो. त्या मणक्यांवर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तर त्यानंतर जगायचे कसे आणि काम करायचे कसे, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. तो घर चालण्याचा प्रश्न होतो. मासेमारी, खाण-वाहतूक किंवा मोटरसायकल पायलटचा व्यवसाय करणाऱ्या गोव्यातील कुटुंबांनाही तो तितकाच लागू आहे.

पाठदुखीची व्याप्ती मोठी आहे. जागतिक आजारभाराच्या पाहणीनुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष निर्णायक असते.

पाठीची रचना

मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे एकूण २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांस जुळलेले असतात. दोन सुट्या मणक्यांमध्ये चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गर पाणीदार असतो. वय, आनुवंशिकता, धूम्रपान आणि वारंवार पडणारा ताण यांमुळे कड्याला चीर पडते व गर बाहेर सरकतो. तो शेजारच्या मज्जातंतूवर दाब देऊ लागला, की नितंबापासून पोटरीपर्यंत कळ उतरते. तिलाच लोक सायटिका म्हणतात, तर आयुर्वेदात तिला गृध्रसी असे नाव आहे. कमरेतील बहुतांश चकत्या चौथा-पाचवा मणका आणि पाचवा मणका-त्रिकास्थी या शेवटच्या दोन सांध्यांतच सरकतात, कारण शरीराचा भार आणि वाकण्याची हालचाल तेथेच एकवटते.

सरकलेली चकती आणि सायटिका यांचा संबंध मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून ठामपणे मांडला. चकतीच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया तेव्हा घातला गेला.

शस्त्रक्रिया काय साधते आणि काय नाही

कमरेच्या शस्त्रक्रिया ढोबळ मानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात सूक्ष्मदर्शक किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढतात. दुसऱ्या प्रकारात मणक्याच्या मागच्या हाडाचा काही भाग काढून अरुंद झालेली मज्जारज्जूची नळी मोकळी करतात. साठी ओलांडलेल्या रुग्णांत ही शस्त्रक्रिया अधिक होते. तिसऱ्या प्रकारात स्क्रू आणि सळ्या बसवून व हाडाचे रोपण करून दोन किंवा अधिक मणके कायमचे जोडतात.

पहिल्या दोन शस्त्रक्रियांचा मुख्य हेतू मज्जातंतूवरील दाब काढणे हा असतो. त्यामुळे पायात उतरणारी कळ अनेकदा लगेच थांबते. पण कमरेतील जडपणा आणि दुखणे पूर्ण जाईलच असे नाही. पायाची बधिरता आणि स्नायूंची अशक्तता ओसरण्यास कित्येक महिने लागतात, क्वचित ती कायम राहते. झिजलेली चकती पुन्हा नवी होत नाही. जोडलेल्या मणक्यांतील हालचाल थांबते आणि तिचा भार वरच्या व खालच्या सांध्यांवर जातो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टर सांगतात तेव्हा तिचा उद्देश साध्य झाला एवढाच त्याचा अर्थ असतो. पाठ पूर्वीसारखी झाली, असा अर्थ रुग्णाने आणि विशेषतः त्याच्या कुटुंबाने काढू नये.

शस्त्रक्रियेची घाई सर्वांनाच हितकर नसते, हेही अभ्यासांतून दिसले आहे. नॉर्वेत वेबर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक बरे होते, पण चार वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. नेदरलँड्समधील २००७ च्या २८३ रुग्णांच्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर मिळाला. वर्षअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही लक्षात घेतले पाहिजे. रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी काही महिने लवकर बरे होणे ही मोठी गोष्ट आहे. म्हणून हा निर्णय रुग्णाची परिस्थिती पाहूनच व्हावा.

पहिल्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत

उज्जैनमध्ये आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आणि शासकीय रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेसाठी अनेक कुटुंबे सुमारे ५५ किलोमीटरवरील इंदूर गाठतात. त्यामुळे घरी परतण्याचा प्रवास हीच बरे होण्याच्या काळातील पहिली कसोटी ठरते. रुग्णाने पुढील आसन मागे रेलून घ्यावे, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि अर्ध्या वाटेत उतरून पाच मिनिटे चालावे.

चकतीचा तुकडा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. सलग अंथरुणात पडून राहणे हा जुना उपाय आता मागे पडला आहे. त्याने स्नायू दुबळे होतात आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पहिले दोन आठवडे एका वेळी वीस-तीस मिनिटांहून अधिक बसू नये, थोडे थोडे चालणे दिवसातून अनेकदा करावे, आणि वाकणे, कमरेत वळणे व वजन उचलणे टाळावे. टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी काढतात. टेबलावरचे काम दोन ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. गुंगी आणणारी वेदनाशामके बंद झाल्याशिवाय आणि ब्रेक जोरात दाबता येत असल्याची खात्री झाल्याशिवाय वाहन चालवू नये. ओझ्याच्या कामासाठी साधारणतः तीन महिने थांबावे लागते.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर हिशेब वेगळा असतो. हाड जुळण्यास सहा महिने ते वर्ष लागते. टेबलावरचे काम दीड ते तीन महिन्यांत शक्य होते. ओझ्याचे काम सहा महिन्यांपूर्वी नको आणि काहींनी ते पुन्हा करूच नये. विडी, सिगारेट आणि तंबाखू यांतील निकोटिन हाड जुळण्यात अडथळा आणते, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच ती सोडणे हा उपचाराचाच भाग आहे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवल्याने जखमेच्या संसर्गाचा धोका कमी होतो. ही सर्व मर्यादा-वेळापत्रके सर्वसाधारण आहेत. प्रत्येक रुग्णाने आपल्या शल्यविशारदाचाच शब्द प्रमाण मानावा.

ओझ्याचे गणित

जर्मनीतील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून दैनंदिन हालचालींची नोंद केली. पालथे पडले असता चकतीतील दाब ०.१ मेगापास्कल, तर सरळ उभे असता ०.५ होता. पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना तो २.३ वर गेला, म्हणजे उभे असण्याच्या साडेचार पटींहून अधिक. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा १.७, आणि छातीजवळ धरून उभे राहिले तेव्हा १.१. अभ्यास एकाच व्यक्तीवरचा असला तरी त्याचा बोध स्पष्ट आहे. वजन किती आहे यासोबतच ते शरीरापासून किती दूर आहे आणि पाठ किती वाकली आहे, यावर मणक्याचा ताण ठरतो.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही निरोगी माणसाने हाताने उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी कमाल मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. मंडीतील धान्याचे पोते सामान्यतः ५० किलोचे असते. दिवसाला अशी अनेक पोती पाठीवर घेणाऱ्या हम्मालास शस्त्रक्रियेनंतर 'जरा जपून काम कर' असे सांगण्याने काहीही साध्य होत नाही. जपून उचलले तरी पोते ५० किलोचेच राहते.

व्यवसायांनुसार उपाय

हम्मालीच्या बाबतीत प्रामाणिक सल्ला असा, की मणके जोडलेल्या माणसाने पाठीवरील ओझ्याकडे परतू नये. मंडीत वजनकाट्यावरील तुलाई, पोती शिवणे, चाळणी लावणे, नोंद ठेवणे अशी इतर कामे असतात. टोळीतील सोबत्यांनी आणि आडत्याने ती कामे ठराविक काळासाठी अशा माणसाकडे दिल्यास त्याची रोजी पूर्ण बुडत नाही. केवळ चकतीची शस्त्रक्रिया झालेला, तरुण आणि स्नायूंची ताकद परत मिळवलेला हम्माल काही महिन्यांनी कामावर येऊ शकतो. परंतु ढकलगाडीचा वापर, दोघांनी मिळून पोते उचलणे आणि पोते जमिनीऐवजी कमरेच्या उंचीच्या फळीवरून घेणे या तीन गोष्टी त्याच्यासाठी अपरिहार्य आहेत.

भैरवगढच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी काढणे, कापड रंगाच्या हौदात बुडवणे, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवणे असे या कामाचे टप्पे आहेत. नक्षीच्या टप्प्यात मान आणि कंबर दीर्घकाळ एकाच स्थितीत वाकलेली राहते. रंगाच्या व उकळण्याच्या टप्प्यांत भिजलेले जड कापड वाकून, हात लांब करून वर ओढावे लागते. पाठीच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक घातक आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कारागिराने नक्षीचे टेबल कोपराच्या उंचीपर्यंत वर घ्यावे, एक पाय आळीपाळीने विटेवर ठेवून उभे राहावे आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालावे. ओले कापड ओढण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. तसे शक्य नसेल तर हौदाचा काठ कमरेपर्यंत उंच करून घ्यावा, कापड लहान तुकड्यांत रंगवावे आणि वर आडव्या दांड्यावर टाकून ओढावे. कारागिराचे कसब त्याच्या हातात आणि डोळ्यांत असते. कामाच्या जागेची उंची बदलली तर ते कसब वाया जाण्याचे कारण नाही.

पुरोहितांपुढे वेगळी अडचण असते. रामघाटावर किंवा सिद्धवटाच्या परिसरात विधी सांगताना मांडी घालून, पुढे झुकून बसावे लागते. मांडी घातली की कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. चार-सहा इंच उंच पाट किंवा घट्ट गादी घेऊन बसल्यास नितंब गुडघ्यांपेक्षा वर राहतात आणि बाक टिकतो. यजमानाकडून साहित्य पुढे सरकवून घेणे, भांडे उचलण्याऐवजी पळी वापरणे आणि दोन विधींच्या मध्ये उठून चालणे या बारीकसारीक सवयी उपयोगी पडतात.

ई-रिक्षा, ट्रॅक्टर आणि मालमोटार चालविणाऱ्यांना बसण्याखेरीज वाहनाच्या कंपनांचा त्रास होतो. अंगभर पोचणाऱ्या कंपनांचा कंबरदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. आसनाखाली दाट फोम, टायरमध्ये योग्य हवा, खड्ड्यांच्या रस्त्यावर कमी वेग आणि उतरताच लगेच माल न उचलणे हे नियम पाळावेत. दीर्घ बैठकीनंतर चकती आणि स्नायू काही मिनिटे शिथिल असतात. त्या वेळी झटक्याने ओझे उचलल्यास इजा होण्याची शक्यता वाढते. गोव्यातील बसचालक आणि मालमोटार चालकांनी हा शेवटचा नियम विशेष ध्यानात ठेवावा.

कार्यालयीन नोकरीत ओझे नसले तरी स्थिर बसणे असते. पाय जमिनीवर टेकलेले, कोपर टेबलाच्या उंचीवर, पडदा डोळ्यांसमोर आणि कमरेला आधार ही बैठक चांगली. मात्र उत्तम बैठकसुद्धा तासभर तशीच ठेवली तर त्रास होतो. फोनवर उभे राहून बोलणे आणि पाण्याची बाटली दूर ठेवणे हे बिनखर्ची उपाय आहेत.

घरातील काम

रुग्ण स्त्री असेल तर तिची 'रजा' घरातच असते, आणि घरातील काम हे काम मानले जात नाही. उन्हाळ्यात दिवसाआड पाणीपुरवठ्याची वेळ उज्जैनवर अनेकदा आली आहे. पाणी येईल त्या तासाभरात बादल्या भरून ठेवण्याची जबाबदारी सहसा तिच्यावर पडते. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोहून जड असते. बादलीऐवजी नळी लावून पिंप भरणे, अर्धीच बादली भरणे आणि ती दोन्ही हातांत वाटून घेणे आवश्यक आहे. केर काढण्यासाठी लांब दांड्याचा झाडू, फरशीसाठी उभ्याने वापरण्याचे पोछे, कणीक मळण्यासाठी ओटा, आणि धुण्यासाठी कमरेच्या उंचीचा दगड असावा. भारतीय बैठकीच्या शौचालयावर निदान पहिले तीन महिने कमोडची खुर्ची ठेवावी व बाजूच्या भिंतीला पकडण्यासाठी दांडी बसवावी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या जोरावर उठावे. लहान मुलास उचलून घेण्याऐवजी बसून मांडीवर घ्यावे. सासू, पती आणि मोठी मुले यांनी ही कामे वाटून घेतली नाहीत तर उत्तमातील उत्तम शस्त्रक्रियेचाही लाभ टिकत नाही.

व्यायाम, योग आणि मालिश

चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने वेदना आणि अपंगत्व लवकर कमी होते, असे कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत नमूद आहे. सुरुवात चालण्याने होते. त्यानंतर पोट, पाठ आणि नितंबांच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली शिकावेत. कमरेचा पट्टा सुरुवातीच्या काळात डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढाच वापरावा. तो वर्षानुवर्षे बांधला तर स्नायू आळसावतात.

उज्जैन हे मल्लखांबाचे प्रमुख केंद्र आहे. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्य क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला, आणि येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आखाड्यांच्या या परंपरेमुळे पाठ दुखली की जोर-बैठका वाढवाव्यात किंवा पाठीवर कोणाला उभे करावे, असे सल्ले सहज मिळतात. शस्त्रक्रिया झालेल्या पाठीवर यांतले काहीही करू नये. पश्चिमोत्तानासन, हलासन आणि जलद सूर्यनमस्कार यांत कंबर पूर्ण वाकते. पहिले सहा महिने ते टाळावेत आणि पुढेही डॉक्टरांना विचारूनच करावेत. मणके जोडलेल्यांनी भुजंगासन, धनुरासन यांसारखी मागे वाकण्याची आसनेही स्वतःहून करू नयेत. हाडवैद्याकडून मणका 'बसवून' घेणे धोकादायक आहे. जखम पूर्ण भरल्यानंतर हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. त्याने स्नायू सैल होतात, चकतीवर परिणाम होत नाही.

दुखणे उरते तेव्हा

शस्त्रक्रियेनंतरही वेदना कायम राहण्याचे प्रमाण विविध अभ्यासांत १० ते ४० टक्के सांगितले आहे. पूर्वी याला 'फसलेली शस्त्रक्रिया' असे अर्थ सुचविणारे नाव होते. रुग्ण किंवा शल्यविशारद यांपैकी कोणाचा तरी दोष आहे, असा गैरसमज त्यातून होई. म्हणून आता 'चिवट मणकावेदना' या अर्थाची संज्ञा वापरात आली आहे. चकती पुन्हा सरकणे, मज्जातंतूभोवती व्रणपेशी वाढणे, शेजारचा सांधा झिजणे, स्क्रू सैल होणे अशी कारणे तपासावी लागतात. काही वेळा तपासणीत काहीही आढळत नाही आणि वेदना तरीही खरी असते. दीर्घकाळ वेदना वाहून नेणारी मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते. इजा नसतानाही ती इशारा देत राहते.

अशा वेळी दुखणे म्हणजे नुकसान, हे समीकरण सोडणे महत्त्वाचे ठरते. हालचालीची भीती वाटली की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या पाठीत वेदना वाढते. दिवस बरा गेला की चार दिवसांचे काम उरकणे आणि मग आठवडाभर पडून राहणे, ही सवयही तितकीच हानिकारक आहे. काम वेळेनुसार वाटून, वेदना वाढण्यापूर्वीच थांबून, आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवणे हा उपाय सिद्ध झालेला आहे. झोप न लागणे, चिडचिड, उमेद खचणे ही लक्षणे दिसल्यास मानसोपचाराचा सल्ला घ्यावा. नैराश्य असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचे परिणाम अधिक वाईट दिसतात. कामापासून माणूस जितका काळ दूर राहतो, तितके परतणे कठीण होते. म्हणून अर्धवेळ आणि हलके का होईना, काम लवकर सुरू होणे हितावह आहे.

भारताचा वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमरा याच्या पाठीच्या खालच्या भागावर मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तो आयर्लंडविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला आणि पुढे अनेक सामने जिंकून देणारी गोलंदाजी त्याने केली. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या कसोटीत पाठीने पुन्हा तक्रार केली. त्याच वर्षी इंग्लंडमधील पाच कसोटींपैकी तीनच तो खेळला; त्याच्यावरील कामाचा भार मोजून देण्यात आला होता. जगातील उत्तम उपचार ज्यास उपलब्ध आहेत, त्याचेही षटकांचे गणित मांडले जाते, मग मजुराच्या पोत्यांचे का मांडू नये, हा विचार मालकांनी करण्यासारखा आहे.

तातडीची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे : मांड्यांच्या आतील भागात व गुदद्वाराभोवती बधिरता, लघवी अडणे किंवा शौच-लघवीवर ताबा न राहणे, पाऊल अचानक उचलता न येणे, ताप व जखमेतून स्राव, चालता-उठताना वाढणारी व झोपल्यावर कमी होणारी तीव्र डोकेदुखी, आणि पोटरीत सूज, दुखणे अथवा धाप लागणे. यांतील पहिली दोन लक्षणे मज्जातंतूंच्या जुडग्यावरील गंभीर दाबाची असू शकतात. त्यांत काही तासांचा विलंबही कायमचे नुकसान करू शकतो.

कायदा आणि आर्थिक आधार

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख रुपयांचे संरक्षण आहे. ही मदत मुख्यतः शस्त्रक्रियेच्या खर्चाला पुरते. त्यानंतर बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न तिने सुटत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर आजारपणात त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घ मुदतीच्या ३४ आजारांच्या यादीत चकती सरकणे आणि मज्जारज्जूवरील दाब यांचा समावेश आहे. त्यासाठी पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास वेतनाच्या ८० टक्के रक्कम कमाल दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. अनेक पात्र कामगार केवळ वैद्यकीय प्रमाणपत्र वेळेत न दिल्याने हा लाभ गमावतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील कलम २० नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढू नये अथवा त्याचा दर्जा कमी करू नये. तो त्या पदास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर त्याची बदली करावी, आणि तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे. कामाच्या जागी वाजवी फेरबदल करून देण्याची जबाबदारीही याच कलमात आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास आरक्षण व सवलतींचा मार्ग खुला होतो. शस्त्रक्रिया झाली एवढ्यावरून हे प्रमाणपत्र मिळत नाही. उरलेली अशक्तता आणि हालचालीची मर्यादा मोजून ते दिले जाते.

असंघटित कामगारांची स्थिती अधिक बिकट आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालांना नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि वैद्यकीय साहाय्याची चौकट दिली. मध्य प्रदेशात मंडीतील परवानाधारक हम्माल आणि तुलावटी यांच्यासाठी राज्याची साहाय्य योजना आहे. तिचा लाभ नोंदणी असलेल्यांपुरताच मर्यादित असल्याने मंडी समितीकडील परवान्याचे नूतनीकरण चुकवू नये. बाटिकचे काम घरोघरी ठेक्यावर चालते, तेथे तर मालक कोण हेच ठरवणे अवघड असते. अशा कारागिरांनी हस्तकला कारागिराचे ओळखपत्र आणि आयुष्मान पत्र दोन्ही काढून ठेवावीत.

यात्रेस जाणाऱ्यांसाठी

शस्त्रक्रिया झालेल्या गोमंतकीय भाविकांनी उज्जैनची यात्रा चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर निदान तीन आणि मणके जोडल्यानंतर सहा महिन्यांनी, डॉक्टरांच्या संमतीने करावी. रेल्वेत खालचा शयनपाट घ्यावा व सामान चाकांच्या लहान बॅगांत विभागावे. महाकाल लोकचा मार्ग ९०० मीटरहून लांब आहे आणि गर्दीच्या दिवशी रांगेत उभे राहणेही बरेच होते. चाकाच्या खुर्चीची सोय आधीच विचारून ठेवावी. पहाटे चारच्या सुमारास सुरू होणाऱ्या भस्म आरतीस सुमारे दोन तास बसावे लागते, तेव्हा घडीचे आसन सोबत असावे आणि शक्यतो भिंतीला टेकता येईल अशी जागा घ्यावी. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात. शस्त्रक्रियेनंतर पावलात अशक्तता उरली असेल तर काठीशिवाय आणि सोबतीशिवाय तेथे उतरू नये. श्रावणातील सोमवार, नागपंचमी आणि महाशिवरात्र हे दिवस अशा भाविकांनी टाळावेत. दर्शन इतर दिवशीही घडते.